प्रेमकथेतल्या खुनासाठी रक्त कुठलं घ्यावं? कोल्हापुरात मिळणाऱ्या सामानाची पारख

स्लॅशर फिल्म म्हणजे मुखवटा चढवलेला खुनी, हातात सुरा नाहीतर कोयता, एकेक करून पडणारी तरुण मंडळी आणि शेवटपर्यंत टिकणारी एक मुलगी. त्यात प्रेमकथा मिसळली की रक्ताचं काम बदलतं. निव्वळ स्लॅशरमध्ये रक्त भिंतीवर उडतं, दोन सेकंद दिसतं आणि दृश्य पुढं जातं. प्रेमकथेत मात्र तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून दीड-दोन मिनिटं मरत असतो. ती त्याचा गाल पुसते, कपाळाला ओठ टेकवते, बोलते, रडते. कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ असतो. रक्त गुलाबी आहे, सरबतासारखं ओघळतंय किंवा तिची बोटं त्याच्या गालाला चिकटतायत, हे सगळं प्रेक्षकाला दिसतं. म्हणून अशा फिल्मसाठी रक्त निवडताना कसोटी एकच: दोन कलाकारांच्या मध्ये ते अडचण होऊन बसतं का?

कमी पैशांत या जातीची फिल्म करणाऱ्यांनी आधी एक ध्यानात घ्यावं. रक्त जितकं वाटतं तितकं लागत नाही. 1978 चा ‘हॅलोवीन’ सुमारे तीन लाख डॉलरमध्ये झाला आणि त्यात रक्त जवळजवळ दिसतच नाही. 1981 च्या ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’मध्ये खाणकामगारांचं गाव आहे, एक मुलगी, तिच्यावर जीव लावून बसलेले दोन तरुण आणि मिठाईच्या डब्यातून आलेलं काळीज आहे. अमेरिकेत प्रदर्शनाआधी त्यातली खुनाची दृश्यं भरपूर कापली गेली, त्यांतली काही 2009 च्या डीव्हीडी आवृत्तीत परत आली. म्हणजे जवळपास तीस वर्षं लोकांनी ती फिल्म निम्म्याशिम्म्या रक्तावर पाहिली, आणि त्या तिघांमधल्या ओढाताणीमुळे ती टिकली. ‘हॅपी डेथ डे’ (2017) पन्नास लाख डॉलरच्या आत झाली, बारा कोटी डॉलरच्या वर कमाई केली, आणि तिच्यातही रक्ताचा मारा नाही.

कोल्हापूरला तर हे नवं नाहीच. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’त (1920) भीमानं केलेला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरची कात्री त्यावर चालली. वासनेपायी ओढवलेला खून, पडद्यावर, आणि तोही याच गावच्या माणसानं चितारलेला. त्याच गावात आज मोबाइलवर किंवा साध्या मिररलेस कॅमेऱ्यावर शॉर्टफिल्म करणाऱ्यांना रक्ताचं सामान घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत मिळतं. फक्त कुठलं कशाला, हे कळायला हवं.

लिक्विड ग्लुकोज: पहिली पसंती

बेकरीवाले आणि मिठाईवाले वापरतात ते घट्ट, पारदर्शक, काचेसारखं ग्लुकोज. बेकरीचं सामान ठेवणाऱ्या दुकानात डब्यात मिळतं, लक्ष्मीपुरीच्या घाऊक बाजाराकडं चौकशी केली तर सापडतं. हॉलिवूडमध्ये मेकअपचे गुरू मानले गेलेले डिक स्मिथ यांनी मक्याच्या साखरपाकावर जी कृती बसवली, तिचाच हा आपल्याकडचा भाऊ. आपलं ग्लुकोज त्या पाकापेक्षा घट्ट असतं, म्हणून परदेशी कृती जशीच्या तशी केली की रक्त नळीतून हलतच नाही. पाणी वाढवावं लागतं.

प्रमाण असं. ग्लुकोज 500 ग्रॅम. जखमेपाशी थबकून राहणारं रक्त हवं असेल तर कोमट पाणी 75 मिली. कपड्यावर पसरणारं, बोटांतून ओघळणारं हवं असेल तर 150 मिलीपर्यंत. खायचा लाल रंग, पावडरचा, पाव चमच्यापासून सुरू करून अर्ध्या सपाट चमच्यापर्यंत. केशरी किंवा पिवळा चिमूटभर. निळा रंग टूथपिकच्या टोकावर बसेल एवढाच. कोको पावडर एक सपाट चमचा.

क्रम महत्त्वाचा आहे. पावडरचा रंग थेट ग्लुकोजमध्ये टाकला तर तो विरघळत नाही. कण तसेच राहतात आणि शूटिंगच्या मध्यावर गालावर अचानक गडद रेघा उमटतात. म्हणून रंग आधी दोन चमचे कडकडीत पाण्यात विरघळवा आणि मलमलीच्या कपड्यातून गाळा. कोको वेगळ्या वाटीत थोड्या गरम पाण्यात लोण्यासारखा कालवा, गुठळी राहू देऊ नका. ग्लुकोजचा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं बसवला की ते पातळ होतं. गॅसवर थेट ठेवू नका, तळाला लागून तपकिरी होतं आणि बुडबुडे धरतं. मग पाणी, कोको, शेवटी रंग, थोडा थोडा. ढवळून अर्धा तास झाकून ठेवा म्हणजे हवेचे बुडबुडे वर येऊन फुटतात. बुडबुडेवालं रक्त क्लोज-अपमध्ये साबणाच्या फेसासारखं दिसतं.

कोको आणि निळा रंग का? नुसता खायचा लाल रंग डिजिटल कॅमेऱ्याला सोसत नाही. कॅमेऱ्याचा लाल रंग टिपणारा भाग, म्हणजे लाल चॅनल, भरून वाहतो, त्यातले बारकावे जातात आणि रक्त प्लास्टिकच्या बादलीच्या रंगाचं दिसतं. निळ्याचा ठिपका तो लाल खाली आणतो, कोको त्याला अंग देतो. तरीही शेवटचा निर्णय डोळ्यांनी घेऊ नका. हाताच्या पाठीवर एक थेंब लावा, दृश्याला जो दिवा वापरणार आहात त्याच दिव्याखाली, व्हाइट बॅलन्स हातानं ठरवून, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाहा. एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली ठेवला तर लाल अधिक खरा येतो.

आपल्याकडच्या लोकांसाठी एक मोठा फरक. परदेशी कृती गोऱ्यापान कातडीसाठी बसवलेल्या आहेत. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर ते गडद, पारदर्शक रक्त दिसतच नाही, नुसता ओला डाग वाटतो. त्यासाठी कोको अर्धा करा, लाल थोडा वाढवा आणि दूध पावडर पाव चमचा घाला. दूध पावडरनं रक्त अपारदर्शक होतं आणि कातडीवर उठून दिसतं. जास्त झाली तर स्ट्रॉबेरीचं दूध होतं, म्हणून पाव चमच्यावर जाऊ नका.

रात्रीच्या दृश्याचं गणित निराळं. चांदणं दाखवायला निळा दिवा लावला की लाल रंगाला परतवायला काही उरत नाही आणि रक्त काळं पडतं. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्याखालीही तेच. अशा वेळी रात्रीसाठी वेगळी बाटली करा: कोको नाही, निळा नाही, केशरी दुप्पट. डोळ्यांना ती बटबटीत वाटेल, पडद्यावर बरोबर येईल. स्वस्त एलईडी पॅनेलही फसवतात. त्यांच्या उजेडात लाल कमी असतो. पॅनेल भाड्यानं घेताना सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 95 च्या वरचा मागा.

ग्लुकोजचा खरा दोष चिकटपणा. दिव्यांच्या उष्णतेनं पाणी उडतं, साखर उरते, आणि वीस मिनिटांत नायिकेची बोटं नायकाच्या मानेला चिकटतात. मिठीतून सुटताना केस ओढले जातात आणि दृश्य तिथंच मोडतं. 500 ग्रॅमला एक मोठा चमचा ग्लिसरीन (औषधाच्या दुकानात मिळतं) घातलं की ओलावा टिकतो. दोन टेकच्या मध्ये फवाऱ्याच्या बाटलीनं पाण्याचा हलका शिडकावा द्या. दुसरा दोष म्हणजे तेलकट कातडीवर ते मोत्यांसारखं गोळा होतं, पसरत नाही. डिक स्मिथ यासाठी फोटो धुताना वापरायचं फोटो-फ्लो घालत, आणि ते विषारी आहे. त्याऐवजी भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब पुरतात. मात्र ही बाटली तोंडाजवळ जाता कामा नये. बाटल्यांवर मोठ्या अक्षरात ‘तोंडात’ आणि ‘अंगावर’ असं लिहून ठेवा, आणि ‘तोंडात’ची बाटली एकाच माणसाच्या ताब्यात द्या.

तापमानाचं भान ठेवा. मे महिन्यात दुपारी हेच रक्त पाण्यासारखं धावतं. पन्हाळ्यावर हिवाळ्याच्या रात्री ते मधासारखं थांबतं. गडावर शूटिंग असेल तर थर्मासमध्ये गरम पाणी न्या आणि बाटली त्यात बुडवून ठेवा. जागेवर पाणी ओतून पातळ करू नका, रंगही पातळ होतो आणि आधीच्या शॉटशी जुळत नाही.

काकवी: शिळ्या रक्तासाठी हिला तोड नाही

उसाचा रस गुऱ्हाळात साधारण 105 अंशांपर्यंत आटवून काढलेली काकवी म्हणजे तयार तपकिरी पाक. गूळ व्हायला रस 118 अंशांच्या आसपास न्यावा लागतो, काकवी त्याआधीच काढून घेतात. ताजी हवी असेल तर हंगामात, दिवाळीनंतर, कुठल्याही गुऱ्हाळावर मिळते. बाकीच्या दिवसांत बाटलीबंद घ्या.

ताज्या जखमेला काकवी वापरू नका. ती मुळात तपकिरी आहे, कितीही लाल घातला तरी चेहऱ्यावर गंजाच्या पाण्यासारखी दिसते. पण ‘सकाळी ती त्याला शोधत येते’ अशा दृश्यात, जिथं रक्त सांडून रात्र उलटली आहे, तिथं 200 ग्रॅम काकवी, 30 मिली गरम पाणी आणि पाव चमचा लाल रंग एवढ्यानं जे होतं त्याच्याजवळ ग्लुकोज पोचत नाही. कडा आधी सुकतात, मध्य चकाकत राहतो. खरं रक्तही असंच वाळतं.

गुठळ्या हव्या असतील तर 200 मिली पाण्यात 2 ग्रॅम चायना ग्रास (अगर-अगर) उकळा, चार चमचे काकवी आणि लाल रंग घाला, थंड करून घट्ट झाल्यावर काट्यानं मोडा. हे चमच्यानं हव्या तिथं ठेवता येतं आणि दोन तास आकार धरतं.

अडचण वासाची आणि मुंग्यांची. काकवीचा वास गोड आणि दाट असतो. मरणाच्या दृश्यात नायिकेला तो सतत नाकाशी असतो, तिला आधी वास देऊन बघा. उसाच्या फडात किंवा गुऱ्हाळाशेजारी दिवसा शूटिंग करत असाल तर मुंगळे, मधमाश्या आणि गांधीलमाश्या दहा मिनिटांत जमतात. पडून राहिलेल्या कलाकाराला हालता येत नाही, तेव्हा हा विनोदाचा विषय नाही. तिथं कुठलंच गोड रक्त नको, पुढं सांगितलेलं सीएमसीचं (द्रव घट्ट करणाऱ्या पावडरचं) घ्या. पाणी घातलेली काकवी दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच कालवा.

हळद आणि चुना: हळदीच्या दिवशी होणारा खून

हळद लागलेला कपडा साबणानं धुतला की लालभडक होतो, हे घराघरांत माहीत आहे. हळदीतला पिवळा रंग, म्हणजे कर्क्युमिन, अल्कलीत (साबण, चुना अशा आम्लाच्या उलट पदार्थांत) पिवळ्याचा लाल होतो. याच गोष्टीवर एक अशी युक्ती उभी राहते की जी आपल्याच लग्नघरात शोभते. बाजारात परदेशी बनावटीच्या दोन बाटल्यांच्या रक्ताचं तत्त्व हेच आहे: एक द्रव कातडीवर, दुसरा सुरीवर, दोन्ही भेटले की लाल रेघ.

नवरी हळद लावून बसली आहे, मुखवटेवाला मागून येतो, सुरी तिच्या दंडावरून फिरते आणि पिवळ्या अंगावर लाल ओरखडा कॅमेऱ्यासमोर उमटतो. कट नाही, नळी नाही, संगणकावरचं काम नाही. प्रेमकथेच्या स्लॅशरमध्ये इतका अर्थपूर्ण परिणाम इतक्या कमी पैशांत दुसरा मिळणार नाही. म्हणून यावर थोडं सविस्तर लिहिणं आलं.

हळद पाण्यात किंवा गुलाबपाण्यात कालवलेली हवी. लग्नात बऱ्याच घरी हळदीत तेल घालतात, शूटिंगसाठी घालू नका. तेलावर चुन्याचं पाणी थेंबाथेंबानं घसरतं आणि रेघ तुटक येते. हळद दाट लावा, मग पाच-सात मिनिटं अर्धवट सुकू द्या. पूर्ण ओली असेल तर लाल पसरून रेघ धूसर होते, पूर्ण सुकली तर पापुद्रे निघतात.

पानाच्या टपरीवरचा चुना एक चमचा, पाणी एक ग्लास. ढवळून तासभर स्थिर ठेवा आणि वरची स्वच्छ निवळी अलगद ओतून घ्या. खालचा पांढरा गाळ आला तर रेघेच्या कडेला पांढुरकी किनार दिसते. सुरी बोथट हवी, हे सांगायला नकोच. पत्र्याची असेल तर कड कानशीनं गोल करा, प्लास्टिकची चंदेरी रंगवलेली त्याहून बरी. पात्याच्या कॅमेऱ्याकडे न दिसणाऱ्या बाजूला, कडेलगत, दोन मिलिमीटर जाडीच्या स्पंजाची अरुंद पट्टी चिकटवा आणि ती निवळीत भिजवा. सुरी दाबायची नाही, ओढायची. दाबली की स्पंजातलं पाणी एकदम सुटतं आणि ओरखड्याऐवजी डबकं होतं.

रंग लगेच येतो, गडद लाल, किंचित विटकरीकडं झुकणारा. तीन-चार मिनिटांनी तो तपकिरी होऊ लागतो, कारण अल्कलीत कर्क्युमिन टिकत नाही. तेव्हा क्लोज-अप आधी घ्या. ओघळ हवा असेल तर दुसऱ्या शॉटमध्ये ग्लुकोजचं रक्त त्याच रेघेवर लावा.

या प्रकाराची सर्वांत मोठी सोय रीटेकची आहे. लिंबाचं पाणी कापसावर घेऊन रेघेवरून फिरवलं की लाल पुन्हा पिवळं होतं. हळद पुन्हा लावायची गरज नाही, तिथं बोटानं सारखं केलं की दुसरा टेक तयार. दोन-तीनदा असं जमतं, नंतर त्या जागेची हळद मळकट दिसते, मग नवी लावा.

धोके नीट समजून घ्या. चुन्याची निवळी तीव्र अल्कली आहे. चेहरा, डोळे, ओठ, नुकतं शेव्हिंग किंवा वॅक्सिंग केलेली कातडी, खरचटलेली जागा इथं अजिबात नाही. दंड, पाठ, पोटरी एवढ्याच जागा. टेक संपला की लगेच भरपूर पाण्यानं धुवा. कलाकाराची कातडी नाजूक असेल तर चुन्याऐवजी खायचा सोडा पाण्यात विरघळवून घ्या. लाल गडद येत नाही, नारिंगीकडं जातो, पण आग होत नाही. मानेवरचा वार दाखवायचाच असेल तर तो याच्या भरवशावर लिहू नका.

सीएमसीचं रक्त: उघड्यावर आणि भरपूर लागेल तेव्हा

आइस्क्रीम करणारे वापरतात ती सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) पावडर. एक लिटर पाण्याला 8 ते 10 ग्रॅम. थेट पाण्यात टाकली की माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात, म्हणून आधी दोन चमचे ग्लिसरीनमध्ये कालवा, मग पाणी हळूहळू, आणि रात्रभर मुरू द्या. गोड नाही, चिकटत नाही, मुंग्या येत नाहीत, फरशीवरून ओल्या फडक्यानं पुसून निघतं. तिसऱ्या दिवशी वास मारायला लागतं.

दोष असा की ग्लुकोजसारखी चमक आणि खोली यात येत नाही. जवळून पाहिलं तर ते बुळबुळीत वाटतं. पळणाऱ्या नायिकेच्या मागे उसाच्या पाल्यावर उडालेलं, अंगणात सांडलेलं, पाच मीटरवरून दिसणारं रक्त, एवढ्यापुरतं हे उत्तम. चेहऱ्याजवळ नको.

विकतचं रंगभूमीचं रक्त

ऑनलाइन मागवावं लागतं, म्हणून आठवडाभर आधी विचार करा. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचणं हाच यातला अर्धा खर्च वाचवण्याचा मार्ग आहे. अंगावरचं वेगळं, तोंडातलं वेगळं, वाळलेल्या खपलीचं वेगळं, डोळ्यांचं तर पूर्ण वेगळं. डोळ्यात काहीही घालायचं असेल तर फक्त त्यासाठीच बनवलेलं घ्यावं. घरच्या कुठल्याही कृतीला तिथं जागा नाही, आणि कमी बजेट हे त्याचं कारण होऊ शकत नाही. बाकी अंगावरच्या रक्तासाठी एवढे पैसे घालवावेत असं नाही, घरचं ग्लुकोज तितकंच चांगलं दिसतं. छोटी बाटली चुंबनाच्या किंवा तोंडातून रक्त येण्याच्या दृश्यापुरती ठेवा.

तोंडातलं रक्त घरी करायचंच असेल तर 100 ग्रॅम ग्लुकोज, 15 मिली उकळून गार केलेलं पाणी, कोको पाव चमचा, लाल रंग एक चिमूट. खाद्यपदार्थात असे रंग किलोला 100 मिलिग्रॅमपर्यंतच चालतात, आणि पडद्यावर दिसेल इतका लाल त्याच्या बराच पुढं जातो. म्हणून गिळायचं नाही, टेक संपला की थुंकून चूळ भरायची. रंगपंचमीचा रंग, कुंकू, पोस्टर कलर यातलं काहीही तोंडाजवळ नाही. दातांवर लाल बसतो, तेव्हा हसण्या-बोलण्याची प्रेमाची दृश्यं आधी उरका.

दातांनी फोडायची कॅप्सूल हवी असेल तर औषधाच्या दुकानातून 0 नंबरच्या रिकाम्या कॅप्सूल घ्या, एकीत अर्ध्या मिलीपेक्षा थोडं जास्त मावतं. पातळ रक्तानं कॅप्सूलचं जिलेटीन काही मिनिटांत मऊ पडतं, म्हणून घट्ट ग्लुकोज भरा आणि ‘ॲक्शन’च्या अगदी आधी तोंडात द्या. जिलेटीन जनावरांपासून बनतं. शाकाहारी कलाकाराला हे आधी सांगणं तुमचं काम आहे, वनस्पतीजन्य कॅप्सूलही मिळतात.

काय घेऊ नये

टोमॅटो सॉस अपारदर्शक, दाणेदार, आणि वास कलाकाराला सोडत नाही. बीटचा रस जांभळट गुलाबी दिसतो आणि गरम केला की तपकिरी होतो. कॉर्नफ्लोअरची पेज दुधाळ गुलाबी होते आणि तिच्यावर साय धरते. गुलाबाचं सरबत पातळ आणि गुलाबी, पण वेळ आलीच तर चार भाग सरबतात एक भाग काकवी घालून लांबच्या शॉटचं काम भागतं. चॉकलेट सिरप ‘सायको’त (1960) चाललं, कारण ती फिल्म कृष्णधवल होती. तुमचीही कृष्णधवल असेल तर जरूर वापरा, राखाडी छटेत ते उत्तमच दिसतं.

नळी, कपडे, कोयता

कपड्याआडून रक्त येणार असेल तर 50 मिलीची सिरिंज आणि मत्स्यालयाच्या हवेच्या पंपाची नळी घ्या. सलाइनची नळी बहुतेक जण घेतात आणि फसतात. तिचं आतलं भोक साधारण 3 मिलिमीटर, मत्स्यालयाच्या नळीचं 4. फरक एकाच मिलिमीटरचा, पण त्याच जोरानं तिप्पट रक्त जातं, कारण प्रवाह भोकाच्या त्रिज्येच्या चौथ्या घातानं वाढतो. सिरिंजचा जोड चिकटपट्टीनं दोनदा गुंडाळा. दाबाखाली पहिल्यांदा तोच सुटतो. 1980 च्या ‘फ्रायडे द थर्टींथ’मध्ये गळ्यातून बाण आरपार जातो त्या शॉटमध्ये पंपाची नळी निसटली आणि मदतनिसानं नळीत तोंडानं फुंकून शॉट वाचवला. तशी वेळ येऊ नये म्हणून प्रत्येक शॉटआधी साध्या पाण्यानं एकदा चालवून बघा.

रक्त लागणारा प्रत्येक कपडा तीन नग हवा. एक स्वच्छ, एक रक्ताचा, एक हुकला तर. खरेदी करताना कापड बघा. खायचा लाल रंग रसायनशास्त्राच्या भाषेत आम्लरंग आहे, आणि असे रंग रेशीम, लोकर आणि नायलॉन यांना पक्के धरतात. सुती आणि पॉलिएस्टरवरून ते बरेच निघून जातात. म्हणून नायिकेला रेशमी साडी नको. जरीकाठाची पॉलिएस्टर नऊवारी पडद्यावर तशीच दिसते. धुताना आधी गार पाणी, डागाच्या उलट बाजूनं, वाहतं, मग साबण. गरम पाणी, इस्त्री आणि लिंबू डाग गेल्याशिवाय लावू नका. माणसाची कातडीही याच कारणानं रंगते. शूटिंगआधी कातडीला खोबरेल तेलाचा पातळ हात द्या, उरलेला गुलाबीपणा शेव्हिंग फोम चोळून निघतो. हळद-चुन्याच्या जागी मात्र हे तेल लावायचं नाही, कारण वर आलंच आहे.

कोयता खरा नको. 10 मिलिमीटरचा ईव्हीए फोम (रबरासारखा मऊ, हलका फोम) कापून, वर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी आणि मुठीला खरी लाकडी मूठ लावली की दोन फुटांवरूनही फरक कळत नाही. खरा कोयता फक्त एकट्या क्लोज-अपमध्ये, चौकटीत माणूस नसताना. रंकाळ्याच्या काठी किंवा रस्त्यावर रक्तानं माखलेला तरुण आणि कोयता घेतलेला माणूस दिसला की लोक धावणारच. आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा, ती प्रत सेटवर ठेवा आणि एक माणूस फक्त बघ्यांना सांगायला उभा करा.

शेवटची गोष्ट पायातल्या चपलांची. कोल्हापुरी चपलेचं कातडं झाडाच्या सालीनं कमावलेलं असतं, वर प्लास्टिकचा थर नसतो. आणि कातडं म्हणजे प्रथिनंच, तेव्हा लाल रंग त्यात रेशमासारखाच मुरतो आणि कशानंही जात नाही. त्यामुळं मरणाच्या दृश्यात नायकाच्या पायात त्याची रोजची चप्पल देऊ नका. द्यायचीच असेल तर वेगळी जुनी जोडी आणा, तिच्यावर आधी मेणाचा हात फिरवा, आणि तरीही ती परत मिळणार नाही असं धरूनच चाला.